कमिटीच्या पत्राला उत्तर

पाळकसाहेब,
आपलं पत्र पोचलं. जावक क्रमांक चौदा,
सेक्रेटरी अमोलिकांची सही,
आणि ‘पाखंड’ या शब्दाखाली दोन रेघा.
एक पुरली असती.
‘त्रैक्य’ टाइप करताना य सुटलाय.
मी तो समासात भरला; चाळीस वर्षं मिशनच्या छापखान्यात
प्रुफं वाचली, हात ऐकत नाही.

तर त्रैक्य.
शुभवर्तमान मी तीनदा तपासलंय,
शिशाच्या खिळ्यांत, उलटं, बोटांनी.
पिता भेटला, पुत्र भेटला, आत्मा तर पानापानावर.
फक्त तो शब्द भेटला नाही.
साडेतीनशे वर्षांपूर्वी, इंग्लंडात,
एका मोच्याच्या शागिर्दाचे सोबती हेच सांगत होते:
तिघांना कोण नाकारतंय?
तुमची मोजपट्टी तेवढी आमच्या हातात देऊ नका.
त्यांना कोठडीत टाकलं. काहीजण तिथंच ओल धरून मेले.
मरताना ख्रिस्ताचं नाव घेत होते,
हे पत्रात कुठं आलं नाही.

बाप्तिस्मा.
माझा झालाय, रजिस्टर काढून बघा.
कसब्यात पाणी पहाटे पाचला येतं आणि सातला जातं,
पाण्याशी आमचं वैर कसं असेल?
पण ते कातडीपर्यंत पोचतं, साहेब.
पुढं कोण जातं, एवढंच विचारलं होतं त्या लोकांनी.
भोजनाचंही तेच. रिक्षावाला इनॉक आपल्या डब्यातली भाकरी मोडतो,
आणि मोडण्याआधी जरा थांबतो.
ते थांबणं तुमच्या कोणत्या रकान्यात बसतं,
अमोलिकांना विचारून कळवा.

आता उजेडाचं.
‘प्रत्येकात उजेड, मग ख्रिस्त कशाला?’
माझ्या खोलीला एकच खिडकी, तीही उत्तरेची.
दुपारी तांबट आळीत घासलेले हंडे बाहेर मांडतात,
त्यांच्यावरून उडालेलं ऊन माझ्या भिंतीवर येतं,
तांबूस, हलतं, ताटलीएवढं.
ते भिंतीचं नसतं. हंड्याचंही नसतं.
ते आत आलं म्हणून माझी खोली काही सूर्य झाली नाही.
त्यांनी ‘आतला’ म्हटलं,
तुम्ही ‘आपला’ वाचलंत.
अशी चूक प्रुफात फार होते.

एक आरोप मात्र तुम्ही लावलाच नाही.
ते न्यायाधीशाला टोपी काढत नसत,
राजालाही अरे-तुरे करत.
उर्मटपणा नव्हता तो. देवाला ज्या तोंडानं तू म्हणायचं
त्याच तोंडानं माणसाला अहो म्हणायला त्यांची जीभ वळेना.
आम्ही मराठी लोक देवाला तू म्हणतो
आणि पाळकाला साहेब.
बघा, मीही या पत्रात तेच करतेय.
पाखंड शोधायचं तर इथं शोधा.

शांततेबद्दल काय लिहू?
शांतता म्हणजे आवाज नाही असं नाही.
बुधवारी चारला आम्ही पाचजणं बसतो,
बाहेर ठोक्यांवर ठोके पडत असतात,
एकेक हंडा आतून आकार घेत असतो.
ससूनची प्रिस्किल्ला रात्रपाळी करून येते
आणि बसल्या बसल्या झोपते.
तिची झोप आम्ही प्रार्थनेत धरतो.
हवं तर हेही जोडा आरोपपत्राला.
कधी तासभर कुणी बोलत नाही.
कधी शांतवन उठतो, भावाचं कर्ज फेडलं नाही म्हणतो
आणि खाली बसतो.
त्या दिवशी याहून मोठं प्रवचन कसब्यात झालं नसावं.

कमिटीपुढं शपथ घ्यायला बोलावलंय. येईन.
शपथ घेणार नाही.
शपथेशिवाय मी खोटं बोलते असं
मान्य केल्यासारखं होईल ते.

आणि आपणच एकदा का येत नाही?
जिना अरुंद आहे, दोरी धरून चढा.
दाराजवळची खुर्ची मोकळी असते.
तिचा डावा पाय हलतो,
तेव्हा जरा उजवीकडं कलून बसा.

रत्नमाला शिंगारे
(वय एकाहत्तर, चष्मा बदलायला झालाय,
चुका राहिल्या असतील तर दाखवाव्यात.)